नऊ मिनिटांचा जबडा

दातवाल्या काकूंना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. नवरा 'अगं' म्हणतो, नणंद 'वहिनी' म्हणते, आणि बाकी सगळ्या रस्त्याला त्या दातवाल्या काकू. त्यांचे स्वतःचे दात म्हणाल तर बेताचेच, वरचा एक तर जरा पुढे येऊन चौकशी करत असल्यासारखा. पण दुसऱ्यांचे दात त्या असे घडवतात की ज्याच्या तोंडात बसले त्यालाही चार दिवसांनी विसर पडावा.

पुढच्या खोलीत खिडकीला लागून टेबल, त्यावर मोठा पडदा, टेबलाखाली संगणकाची काळी पेटी. दाताचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचं मोजमाप घेतात, ते लॅबमध्ये जातं, लॅबमधून काकूंकडे येतं. मग काकू तो जबडा पडद्यावर उलटा, सुलटा, आडवा फिरवतात, एकेक दात कोरतात, वरचे खालच्यांवर नीट टेकतात की नाही ते बघतात आणि लॅबला परत पाठवतात. तिथलं यंत्र तसेच्या तसे दात कापून काढतं. त्यामुळे रस्त्यावरून कोण कोण विकत घेतलेल्या दातांनी हसत जातंय, हे काकूंना पक्कं ठाऊक. औषधांच्या दुकानातल्या त्या लाघवी बाई, वरचे चार. व्यायामशाळेच्या फलकावर ज्याचं हास्य लावलंय तो गृहस्थ, पुढचे सगळे. आणखी नावं घेण्यात अर्थ नाही, मंडळी अजून हसताहेत. काकूंच्या तोंडून मात्र यातलं अक्षर कधी बाहेर पडलेलं नाही. हे सगळं बाहेर आलं ते त्यांच्या नणंदेकडून. ती वरच्या मजल्यावर राहते, येता-जाता काकूंच्या पडद्यावरची नावं वाचते, आणि तिच्या पोटात बातमी कधी मुक्कामाला थांबत नाही.

तर या काकूंच्या संगणकाचा पडदा एका सोमवारी सकाळी काळा झाला.

झाला म्हणजे कसा, तर आधी क्षणभर थरथरला. गुलाबी हिरड्या हिरव्या झाल्या, दातांवर आडव्या रेघा उमटल्या, आणि मग अंधार. पेटीतला पंखा आपला फिरतोच आहे, आपल्याला काय त्याचं म्हणून. अर्ध्या मिनिटाने पडदा परत आला आणि कोपऱ्यात सभ्य अक्षरांत चौकट उमटली: डिस्प्ले ड्रायव्हर बंद पडला होता, आता पुन्हा सुरू झाला आहे. जबडा गायब. चोराने घर धुऊन न्यावं आणि जाताना दाराला कडी घातल्याचं चिठ्ठीत लिहावं, तसला प्रकार.

काकूंनी पुन्हा सुरुवात केली. दर दोन मिनिटांनी काम जपून ठेवायला लागल्या. पण सगळं झाल्यावर शेवटी एक पायरी येते, चावा जुळवण्याची. संगणक वरचा आणि खालचा जबडा एकमेकांवर हजारदा घासून बघतो. ती पायरी सलग नऊ मिनिटांची, मध्ये थांबवता येत नाही, मध्ये जपून ठेवता येत नाही. आणि पडदा हटकून तिच्यातच जायचा. कधी चौथ्या मिनिटाला, कधी सहाव्या. एकदा तर आठव्याला गेला, तेव्हा काकू टेबलावर डोकं टेकून बराच वेळ तशाच बसल्या.

त्या पंधरवड्यात दोन कामं उशिरा गेली. लॅबवाल्या बाई तशा मऊ बोलणाऱ्या, पण मऊ बोलणाऱ्या माणसाचं 'नाही' फार कडक असतं. त्या म्हणाल्या, "काकू, तुमच्यासारखं काम इथे कुणाचं नाही. पण डॉक्टर मला विचारतात. तिसऱ्यांदा झालं तर घरून नाही जमायचं बघा. इथे येऊन बसा, तुमची खुर्ची तयार आहे."

खुर्ची तयार होती, पण ती बसने जायला दीड तास आणि यायला दीड तास एवढ्या अंतरावर. आणि घरात काका.

काकांचे हात थरथरतात. सहा वर्षांपूर्वी डाव्या अंगठ्यापासून सुरू झालं, आता दोन्ही हात. शर्टाची बटणं काकू लावतात, चहा काकू अर्धाच कप भरून देतात आणि तो ओठांपर्यंत पोचेस्तोवर दुसरीकडे बघतात, म्हणजे बघत नाही असं दाखवतात. दोनदा न्हाणीघरात तोल गेला. अशा माणसाला सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत एकटं ठेवून जबडे कोरायला जायचं, हा विचार डोक्यात आला की काकू हातातलं काम टाकून न्हाणीघराची ओली फरशी पुसून यायच्या. नोकरी सोडावी तर दातांशिवाय दुसरं काही त्यांना येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही आवडतही नव्हतं.

म्हणून त्यांनी एक वही सुरू केली. तारीख, वेळ, काय बदललं, किती मिनिटांनी पडदा गेला. ड्रायव्हर, म्हणजे पडदा हाकणारा प्रोग्रॅम, नवा घातला, गेला. जुना घातला, गेला. पडद्याची केबल बदलली, गेला. नणंदेचा टीव्ही खाली आणून पडदा म्हणून जोडला, तर दोन हात रुंद जबडा भिंतीपाशी उभा राहिला आणि पाचव्या मिनिटाला तोही गेला. नणंद म्हणाली, "माझ्या टीव्हीला काही झालं नाही ना? रोज साडेसातला मला लागतो."

शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याला सगळे 'बघतो' म्हणतात, कारण काहीही सांगा, तो म्हणतो, "बघतो." पैज लावा, लग्नातही अक्षता पडताना तो हेच म्हणाला असणार. त्याने पेटी उघडली. आत पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक्सचं कार्ड, लॅबच्या नव्या प्रोग्रॅमसाठी याच वर्षी बसवलेलं, दोन पंख्यांचं, विटेएवढं. त्याने ते काढलं, त्याच्या सोनेरी दातऱ्या खोडरबराने घासल्या, परत खटकन बसवलं. दुसरा दिवस छान गेला. काकूंनी दोन पुलांची कामं पाठवून दिली, पूल म्हणजे दातांचे. तिसऱ्या दिवशी पडदा काळा.

मग तो पेटीच उचलून दुकानात घेऊन गेला. तीन दिवस तिच्यावर गरगर फिरणारी चित्रं चालवली. चित्रं फिरली, पंखे फिरले, पडदा एकदाही गेला नाही. चौथ्या दिवशी पेटी टेबलाखाली परत ठेवताना तो म्हणाला, "काकू, मशीन ठणठणीत आहे. दोष आहे तो तुमच्या घरात."

हे वाक्य काकूंच्या काळजात रुतलं. कारण घरात काय आहे, हे त्यांना माहीत होतं.

टेबलाच्या डाव्या पायाशी एक सागवानी डबा होता. त्यावर काटा असलेलं घड्याळासारखं तोंड आणि लाल दिवा. काकांनी पस्तीस वर्षं रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. थरथर वाढली तेव्हा दुकान बंद झालं, आणि त्यानंतर त्यांनी आयुष्यातली शेवटची वस्तू बनवली, ती हा स्टॅबिलायझर. वीज खालीवर झाली तरी काकूंच्या संगणकाला धक्का बसू नये म्हणून. तीन महिने लागले. आतल्या वायरींना कथलाचा एकेक डाग देताना उजवा हात डाव्याने धरून ठेवायचा, डावा टेबलाला दाबून. पाहुणा आला की पाण्याआधी त्याला तो डबा दाखवला जायचा. "काटा बघा," काका म्हणायचे. "हलतोय का?" पाहुणा म्हणायचा, "नाही." काका म्हणायचे, "माझा हात हलतो, त्याचा काटा नाही."

आता त्या डब्यावर संशय घ्यायचा कसा? काकूंच्या वहीत सगळ्यांची नावं होती. केबल, पडदा, माउस, धूळ, टेबलफॅन लावून, टेबलफॅन न लावता. डब्याचं नाव नव्हतं. त्याच्याभोवतीने त्या अशा तपासत होत्या जसं दिवाणखान्यात झोपलेल्या सासऱ्यांभोवतीने केर काढावा.

नणंदेला असली नाजूक कामं ठाऊक नाहीत. बुधवारी ती खाली आली, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "वहिनी, राग मानू नकोस. पण दादाच्या त्या डब्याचं बघितलंस का?"

"हळू बोला."

"हळूच बोलतेय. अगं, हात असे असताना त्याने जोडलेलं. आत कुठे काय सुटलंय कुणास ठाऊक."

"वन्सं, ते मागे बसलेत, त्यांना ऐकू येतं."

"ऐकू येऊ दे. माझा भाऊ आहे. लहानपणी माझी चावीची बाहुली दुरुस्त करतो म्हणून उघडली, ती अजून उघडीच आहे."

काकूंनी तिच्या हातात निवडायला भाजी दिली, म्हणजे तोंडही जरा गुंतेल. गुंतलं नाही, पण बातमी बदलली. मागच्या खोलीत काका रबराचा चेंडू दाबण्याचा व्यायाम करत होते. चेंडूचा आवाज मध्येच थांबला होता, हे काकूंनी ऐकलं आणि ऐकलं नाही असं स्वतःला सांगितलं.

गुरुवार उजाडला. एका शाळेतल्या बाईंचा वरचा पूर्ण जबडा दुपारी चारपर्यंत पोचायचा होता. चारला लॅबचं यंत्र सुरू होणार, शुक्रवारी सकाळी त्या बाई डॉक्टरांच्या खुर्चीत. महिनाभर रुमाल तोंडावर धरून शिकवतात म्हणे. सकाळपासून काकू पाण्याचा घोटही न घेता बसल्या होत्या. दोन वाजेपर्यंत चौदा दात बसले, एकाहून एक देखणे. राहिला तो चावा. नऊ मिनिटं.

दोन वाजून पाच मिनिटांनी बटण दाबलं. पाचव्या मिनिटाला हिरड्या हिरव्या झाल्या.

पुन्हा सुरू केलं. या वेळी त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या, खिडकीबाहेर वाळत घातलेल्या चादरी मोजत होत्या. वळून पाहिलं तर अंधार आणि त्यात त्यांचाच चेहरा. लॅबवाल्या बाईंचा फोन आला. "काकू, होतंय ना?" काकू म्हणाल्या, "होतंय."

मागच्या खोलीत चेंडूचा आवाज चालू होता. पिचक, पिचक. काकू टेबलाखाली शिरल्या. डब्यातून संगणकाची वायर उपसली आणि सरळ भिंतीत खोचली. एवढंसं काम, पण वाटलं असं की शेजाऱ्याच्या कपाटाची किल्ली काढलीय. संगणक सुरू करून, जबडा परत उघडून त्यांनी बटण दाबलं आणि मनातल्या मनात एक भयंकर गोष्ट मागितली: डबाच दोषी निघू दे. लगेच दुसरी मागितली: नको, तो नको.

एक मिनिट. दोन. तीन. जबडे घासत होते. चार. पाच. सहा झाली, आणि काकूंच्या लक्षात आलं की चेंडूचा आवाज बंद आहे.

काका दारात उभे होते. त्यांची नजर भिंतीतल्या वायरीवर होती. त्याच क्षणी पडदा थरथरला आणि काळा झाला.

काका म्हणाले, "आता तरी पटलं?"

"अहो, मी नुसतं..."

"माझ्या डब्यावर होता ना संशय. माझाही होता."



काका खुर्चीवर सावकाश बसले. "तो डबा रिकामा आहे, अगं. आठ दिवस झाले. पहिल्यांदा पडदा गेला तेव्हाच माझ्या मनात आलं, आपलाच हात कुठेतरी चुकला असणार. तू भाजीला जायचीस तेव्हा उघडायचो. आठ स्क्रू. रोज दोन, त्याहून जास्त जमायचे नाहीत. आतलं सगळं काढलं, वायर सरळ जोडली. दिवा आणि काटा तेवढा ठेवला, तुला कळू नये म्हणून."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"काय सांगू? की नवऱ्याने दिलेली वस्तू तुझी नोकरी घालवतेय? म्हटलं, गुपचूप काढू, पडदा जायचा थांबेल, कुणाला कळायचं नाही. तर थांबला नाही. मग हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं याची लाज वाटली, इकडे तुझा जीव टांगणीला आणि मी आपला निर्दोष सुटल्याच्या आनंदात."

काकूंना हसावं की रडावं कळेना. दोन आठवडे एका घरात दोन माणसं एकाच डब्याभोवती चोरपावलांनी फिरत होती, आणि चुलीवर दोघांसाठी एकच आमटी उकळत होती. त्या म्हणाल्या, "तीन वाजत आले. मला काहीतरी सांगा. मला आता काही सुचत नाही."

काकांचा आवाज एकदम दुकानातला झाला. "बघतोच्या दुकानात पडदा गेला नाही, घरी जातो. बरोबर? मग दुकानात काय गेलं आणि घरी काय राहिलं?"

"पेटी गेली. पडदा, वायरी राहिल्या. त्या सगळ्या बदलून झाल्या."

"मग राहिलं ते ठेवण्याचं. दुकानात पेटी कशी ठेवली होती? लाव फोन त्या बघतोला."

फोन लागला. बघतो म्हणाला, "कशी म्हणजे? टेबलावर. झाकण काढून, आडवी. सगळ्याच तशा ठेवतो मी, काका, आत हात घालायला बरं पडतं. का? बघू का येऊन?"

"तू नको बघूस," काका म्हणाले आणि काकूंकडे वळले. "ते कार्ड केवढं आहे म्हणालीस?"

"विटेएवढं."

"आणि उभ्या पेटीत ते कसं असतं?"

काकूंनी हात आडवा धरून दाखवला. एका बाजूला मनगट भिंतीला लागलेलं, बाकीचा हात हवेत.

"म्हणजे एका टोकाला धरलेलं आणि दुसरं लटकतंय. जुन्या मोठ्या रेडिओंत ट्रान्सफॉर्मर असाच बसवायचे. थंड असला की ठीक. तापला की स्वतःच्याच वजनाने खाली झुकायचा आणि कुठेतरी कथलाचा डाग सुटायचा. मी ठोकून बसवायचो, दोन दिवस गाणी वाजायची, मग परत गिऱ्हाईक दारात. त्या नऊ मिनिटांत तुझं कार्डही असंच तापत असणार." ते वहीकडे बघत म्हणाले, "बघतोने कार्ड बसवल्यावर किती दिवस नीट चाललं?"

काकूंनी पान उलटलं. एक दिवस. आणि पेटी दुकानातून आल्यावर? तोही एकच दिवस.

तीन वाजून सतरा मिनिटं झाली होती. काकूंनी संगणक बंद केला, वायरी काढल्या आणि पेटी टेबलाखालून ओढली. ती चांगली जड. काकांनी नकळत हात पुढे केले आणि मागे घेतले. "सावकाश," एवढंच म्हणाले. "झाकणाची बाजू वर घे." काकूंनी ती जमिनीवर आडवी निजवली, झाकण काढलं, कार्ड अंगठ्याने दाबलं. कट्ट असा बारीक आवाज आला.

सगळं जोडून, प्रोग्रॅम उघडून, चौदा दात परत पडद्यावर यायला तीन वाजून बत्तीस झाली. म्हणजे एकच फेरी. पुन्हा गेला तर चार गाठणं शक्य नव्हतं. काकूंचं बोट बटणावर थांबलं.

"दाब," काका म्हणाले.

चौथं मिनिट गेलं. पाचवं गेलं. सहाव्याला वरून नणंदेने जिन्यातून हाक मारली, "वहिनी, झालं का गं?" दोघांपैकी कुणी उत्तर दिलं नाही, जणू हाकेच्या धक्क्यानेही कार्ड हललं असतं. सातव्याला काकूंनी डोळे मिटले. आठव्याला काकांचा हात त्यांच्या खांद्यावर आला आणि थरथरत तिथेच राहिला. मग पडद्यातून टिंग असा आवाज आला. काकूंनी डोळे उघडले. चौदा दात, गुलाबी हिरड्या, खाली हिरवी खूण.

फाइल जायला आणखी सात मिनिटं लागली. तीन वाजून बावन्नला लॅबवाल्या बाईंचा फोन आला. "पोचलं, काकू. सुंदर झालंय. खुर्चीचं मी बोलले होते ते सोडून द्या. खालचा जबडा उद्या पाठवते."

फोन ठेवून काकू तांब्याभर पाणी एका दमात प्यायल्या. त्यांना वाटलं, आता गप्प पडून राहावं, आणि ही पेटी जन्मभर अशीच निजलेली राहू दे, तिला कुणी हात लावू नका.

काका म्हणाले, "आता उभी कर."

"काय?"

"उभी कर आणि तेच काम परत चालव."

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का? आत्ता कुठे चाललीय."

"चालली, पण कशाने चालली? आडवी केल्याने, की तू कार्ड दाबल्याने, की नुसतं नशीब म्हणून? उभी केल्यावर परत गेला तर दोष सापडला. नाही गेला, तर उद्या खालच्या जबड्याला तू परत चादरी मोजत बसणार."

काकू पुटपुटत उठल्या. पुटपुटण्यातले शब्द लिहिण्यासारखे नाहीत. पेटी उभी केली, टेबलाखाली सरकवली, सगळं जोडलं, बटण दाबलं. दोघं शेजारी खुर्च्या घेऊन बसले. एव्हाना नणंदही खाली उतरून दाराला टेकून उभी होती. काय चाललंय ते तिला कळेना, आणि कळत नाही असं फार वेळ चालू देणं तिच्या स्वभावात नाही. "अगं, झालं ना पाठवून? मग आता काय बघताय?"

"जातो का बघतोय," काका म्हणाले.

"तो जावा असं वाटतंय तुम्हाला?"

पाच मिनिटं झाली. सहा झाली. सातव्या मिनिटाला काकू खुर्चीच्या टोकावर आल्या. पडदा स्वच्छ होता, दात चकाकत होते. काकूंच्या मनात पुन्हा तीच धाकधूक, आता उलट्या बाजूने. हा गेला नाही तर? तर काहीच सापडलेलं नाही. तर उद्या, परवा, खुर्ची, बस, न्हाणीघर.

आठव्या मिनिटाला हिरडी हिरवी झाली.

"गेला," काका म्हणाले.

"गेला," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज इतका मोकळा निघाला की नणंद दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. काकू मात्र तोवर टेबलाखाली शिरल्याही होत्या, पेटी परत निजवायला, आणि आतून विचारत होत्या, "अहो, त्या कार्डाखाली टेकू कशाचा द्यायचा? तुमच्याकडे लाकडाचं काही आहे का?"